रोपाला गोणीचा आडोसा



बांधावरचे आंब्याचे रोप पावसाळ्यात तगते आणि पौषातल्या थंडीवाऱ्यात करपते. बाजारातला पिंजरा रोपापेक्षा महाग. म्हणून आम्ही घरातच शोधले. खताची रिकामी गोणी धुतली, तळ उसवला, रोपाभोवती ४ तुराट्या रोवून त्यांवर चढवली. वरचे तोंड उघडे ठेवले, बुडाशी माती ओढली. पऱ्हाट्या घेतल्या नाहीत. त्यांत गुलाबी बोंडअळी दडते. कडाक्याच्या रात्री वर कडब्याची पेंढी ठेवली, सकाळी ती गुरांपुढे टाकली. संध्याकाळी तांब्याभर पाणी दिले. ओली माती ऊब धरते. थंडी सरताच गोणी काढली, नाहीतर रोप आत उकडते.

पैसा लागला नाही. पण काटकसर म्हणजे भाव नव्हे. रोप आम्ही जगवू. फळाला दाम मिळवायला एकजूटच लागेल.