थंडीला तोंड देणारे पीक : नवे बियाणे आणि जुनी खबरदारी



पौष-माघातल्या थंडीने गहू-हरभरा खुलतो, पण केळी आखडते. निफाडकडे पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो, तेव्हा द्राक्षबागाईतदाराची झोप उडते. मग मनात येते, थंडी सोसणारे बियाणेच का नाही मिळत?

शास्त्रज्ञ त्याच खटपटीत आहेत. थंडीने पेशींची आवरणे ताठरतात. पाणी गोठले तर पेशी फाटतात. काही वनस्पती मात्र गारवा लागताच आतून तयारी करतात. १९९८ साली अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील एका लहान रोपात 'सीबीएफ' नावाचे जनुक जास्त कामाला लावले. हे जनुक म्हणजे मुकादमच. त्याने हाक दिली की थंडीपासून राखणारी इतर जनुके उठतात. ती रोपे गारव्याची सवय नसतानाही गोठण्यातून वाचली.

पण मुकादम बारमाही ओरडत राहिला तर रोप खुरटते. म्हणून १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी, ताण पडेल तेव्हाच ते जागे होईल अशी सोय करून दाखविली. रोपांची खुरट पुष्कळ कमी झाली. त्याआधी, १९९१ साली, अमेरिकेत माशाचे जनुक घातलेल्या टोमॅटोची चाचणी झाली. ते वाण बाजारात आलेच नाही.

आता मुद्द्याचे. आपल्या देशात बाहेरचे जनुक घातलेले व्यापारी पीक एकच, २००२ पासूनचा बीटी कापूस. तो बोंडअळीसाठी आहे, थंडीसाठी नाही. तेव्हा 'थंडीचे जीन घातलेले बी' म्हणून कोणी पिशवी पुढे केली, तर पैसे काढू नका. बियाणे घ्याल ते पक्क्या पावतीनेच घ्या.

तोवर भरवशाचे उपाय हे :

१. थंडीची लाट आली की रात्री विहिरीचे पाणी द्या. ते हवेपेक्षा उबदार असते.

२. पहाटे वाऱ्याच्या बाजूला ओलसर काडीकचरा पेटवून धूर करा. जाळ नको, धूर हवा.

३. केळीच्या बागेभोवती शेवरीचा आडोसा आधीच वाढवा. घडांवर छिद्रांच्या प्लास्टिक पिशव्या चढवा.

४. ऐन थंडीत घड निसवणार नाहीत, असा लागणीचा महिना धरा.

नवे बी येईल तेव्हा येईल. यंदाची बाग वाचवायची ती पाण्याने, धुराने आणि आडोशाने.