बघे आणि भागीदार

आमच्या बोदवडकडे, नव्हे साऱ्या खानदेशात, गावोगावच्या यात्रेत बारागाड्या ओढण्याची चाल आहे. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या. बैल मात्र एकही जुंपायचा नाही. कमरेला दोर बांधून गावचा भगत त्या ओढणार, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बगले. गाड्या रिकाम्या असतील म्हणता? छे! त्यांत माणसे कोंबलेली असतात.

लहानपणी मी कडेला उभा राहून हा सोहळा पाहत होतो. एका आजोबांनी माझे बखोट धरले नि म्हणाले, "पोरा, पाहतो काय? चढ की!" मी चढलो. खडखडाट करीत गाडी हलली, आणि माझे एवढेसे वजनही त्या ओझ्यात मिळाले. बघ्यांशिवाय हा खेळच होत नाही, हे तेव्हा अंगाला कळले. बुद्धीला कळायला पुष्कळ वर्षे जावी लागली.

आज जगभरचे प्रयोगशील कलावंत हेच म्हणत आहेत. प्रेक्षकाने कलाकृतीपुढे हात बांधून उभे राहू नये, तिच्या आत शिरावे. याच विचाराची एक जत्रा अमेरिकेत भरते. 1986 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठी लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या मित्रांनी लाकडाचा एक पुतळा जाळला. पाहता पाहता लोक जमले. तीच ही 'बर्निंग मॅन' जत्रा. 1990 पासून ती नेवाडाच्या वाळवंटात भरते. आठवडाभराचे एक गावच तिथे वसते. लोक स्वतः उभारलेल्या शिल्पांवर चढतात, त्यांच्या आत बसतात; आणि शेवटी त्यांतली काही जाळूनही टाकतात. तिथला दंडक असा, की कोणी नुसता बघ्या राहायचे नाही, आणि जाताना मागे कचऱ्याचा कपटाही ठेवायचा नाही.

गंमत पाहा. रूढ बाजारू जगाला पाठ दाखवून निघालेल्या या जत्रेला आता सत्तर हजारांच्या आसपास माणसे जमतात, आणि तिकीट पडते शेकडो डॉलरचे! सर्वांनी सामील व्हावे म्हणून मांडलेल्या खेळाच्या दारात तिकीटघर येऊन बसले.

पण आपण हसण्याची घाई करू नये. आपल्या गावगाड्यात तरी सर्वांना सारखी जागा होती काय? कोणी वेशीपर्यंत यायचे आणि कोणी देवळापर्यंत, हे जन्मानेच ठरलेले असे. तिथे तिकीट नव्हते, जात होती.

या दुखण्यावर बोट ठेवणारा एक उत्सव आपल्या महाराष्ट्रात निघाला. 1999 साली मुंबईच्या धारावीत बाबूराव बागूल यांच्या अध्यक्षतेखाली पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले. फेब्रुवारी 2024 मध्ये ते आमच्या जिल्ह्यात, साने गुरुजींच्या अमळनेरला आले. त्याच दिवसांत त्याच गावी 97 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही भरले होते. एका गावात दोन मांडव! कोणता मांडव मोठा, हा वाद मी घालणार नाही. मला मोलाची वाटते ती विद्रोही संमेलनाची एक रीत. त्यासाठी लोकांकडून मूठभर धान्य आणि एक रुपया मागतात. मुठीने पोती भरायला वेळ लागतो खरा. पण ज्याने मूठ दिली तो मांडवात पाहुणा म्हणून येत नाही, घरचा म्हणून येतो.

तेव्हा कलेचा उत्सव किती नवा, किती बंडखोर, हे जोखायला माझ्याजवळ एकच साधे माप आहे. आपण गेलो नसतो, तर गाडी तेवढी हलकी झाली असती का? नसेल, तर आपण फक्त गर्दी होतो.

पुढल्या यात्रेला गाडीत चढाल, तेव्हा कडेला कोण उभे राहिले आहे तेही जरा पाहा. आणि त्याचे बखोट धरून त्याला वर घ्या.