मुलांच्या मनातील धास्ती



मी डॉक्टर नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण कोळशाच्या खाणीत आणि वाचनालयात झाले. तरीही आज या विषयावर बोलायला उभा आहे, कारण या विषयात मी एकदा नापास झालो आहे.

माझा मुलगा दहावीत होता. रोज सकाळी त्याचे पोट दुखे; रविवारी मात्र दुखत नसे. ‘पोट्टा नाटक करून राहिला,’ असे मी म्हणालो. हजार कामगारांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या मला घरातले एक गाऱ्हाणे ऐकू आले नाही. परीक्षेच्या दिवशी तो केंद्राच्या दारातून परत आला. हात थंडगार, श्वास लागलेला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, ‘दुखणे खरे आहे, मूळ मात्र पोटात नाही.’

आपल्या जिल्ह्यांत भीती कोणाला शिकवावी लागत नाही. मोहफुले वेचणाऱ्या बाईला झुडपात सळसळ ऐकू आली की छाती धडधडते, रक्त हातापायांकडे धावते, पचन मंदावते. शरीर पळायला तयार होते. ही भीती जीव वाचवते. पण वाघ नसतानाही शरीर दिवसचे दिवस त्याच तयारीत राहिले, तर तो चिंतेचा विकार होय. मग पोट दुखेल नाही तर काय?

भूमिगत खाणीत सरदार छत ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला की माणसे मागे घेतो, टेकू लावतो. छताला कामचुकार म्हणत नाही. मुलांचेही तसेच आहे. झोप उडणे, पुन:पुन्हा डोके दुखणे, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, तोच प्रश्न दहादा विचारणे, मित्र व शाळा टाळणे, हे ते पोकळ आवाज. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा तरुण ‘मला धास्ती वाटते’ असे म्हणणार नाही. आश्रमशाळेतले माडिया बोलणारे मूल ते मराठीत सांगू शकणार नाही. त्याचे शरीरच सांगेल.

परीक्षेपूर्वी दोन दिवस काळजी वाटणे साहजिक आहे. पण ती आठवडेच्या आठवडे टिकली, आणि झोप, जेवण वा शाळा अडू लागली, तर मदत घ्यावी. आधी शरीराचा आजार नाही ना, हे तपासून घ्यावे. मुलाला कायमचे घरी बसवू नये. टाळल्याने आज बरे वाटते, उद्या भीती वाढते. माझा मुलगा आधी शाळेच्या फाटकापर्यंत गेला, मग तासभर वर्गात बसला. पुढच्या वर्षी परीक्षेला बसला. मूल जगण्याला कंटाळल्यासारखे बोलले, तर जिवाचे बरेवाईट करण्याचे मनात येते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. त्याला एकटे मात्र सोडू नये, लगेच मदत मिळवावी.

सिरोंचा-भामरागडहून जिल्हा रुग्णालय गाठणे सोपे नाही. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तेथे अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

मंडळी, आज घरी गेल्यावर मुलाला गुण विचारू नका. झोप नीट लागते का, एवढेच विचारा. आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका.