ओंडक्यावरचा पिवळा थर

वसईच्या पूर्वेचा तुंगारेश्वर आपल्यापैकी पुष्कळांनी श्रावणी सोमवारी पाहिला असेल. गेल्या पावसाळ्यात तिथल्या वाटेवर, एका कुजक्या ओंडक्यावर आम्हांला पिवळाधमक, ओला, जाळीदार थर दिसला. बरोबर वसईचे एक वाडीवाले काका होते. ते चटकन म्हणाले, "अहो, हेच आमच्या पडलेल्या माडावर आलं होतं. रोग समजून मी रॉकेल ओतून पेटवून दिलं!"

काकांची धास्ती समजण्याजोगी आहे. पण तो रोग नव्हे. याला श्लेष्मकवक म्हणतात. नाव जरा फसवे आहे, कारण ही बुरशी नाही, वनस्पती नाही आणि प्राणीही नाही. ओंडक्यावरचे जिवाणू आणि बुरशी गिळत हा थर हळूहळू सरकतो. सबंध जाळी म्हणजे एकच पेशी, तिच्यात केंद्रके मात्र असंख्य! जिवंत झाडाचा रस ती शोषीत नाही.

आता ओळख कशी पटवायची? मी तिथेच ऐटीत 'फायसेरम' असे नाव सांगून मोकळा झालो. तिथेच चुकलो. असा पिवळा थर अनेक जातींचा असतो; त्याला बीजाणू धरीपर्यंत थांबावे लागते. तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे, तेव्हा ओंडका घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पुन्हा गेलो. जाळी गेली होती. तिच्या जागी तळहाताएवढी फुगीर गादी, वर ठिसूळ कवच. काडीने जरासे टोचले, तो आतून काळपट भुकटी! म्हणजे हा फुलिगो, बहुधा 'फुलिगो सेप्टिका'. (दमेकऱ्यांनी ही भुकटी नाकाजवळ नेऊ नये.)

उदबत्तीच्या काड्यांसारखा तपकिरी झुबका दिसला, तर तो स्टेमोनायटिस. गुलाबी मणी दिसले आणि दाबल्यावर गुलाबी लगदा निघाला, तर लायकोगाला. बाकीच्या बारीक जातींना भिंग हवे, पुष्कळदा सूक्ष्मदर्शकही हवा: देठ आहे का, भुकटीचा रंग कोणता, कवचावर चुना आहे का? चुना असेल तर सौम्य आम्लाच्या थेंबाने बुडबुडे येतात. के. एस. ठिंड यांचा भारतातील श्लेष्मकवकांवरचा ग्रंथ १९७७ साली निघाला. अशा ग्रंथाशी ताडून मगच नाव लिहावे.

परतताना काकांनी विचारले, "म्हणजे मी तो माड उगाचच जाळला?" मी हो म्हटले. यंदा त्यांनी वाडीच्या कडेला एक सडका ओंडका मुद्दाम राहू दिला आहे, आणि घरच्यांनी तो हलवू नये म्हणून त्याच्याभोवती चार दगडही मांडले आहेत.