मनगटावरचे घड्याळ



खेळाडूंच्या घड्याळावर बोलायला युनियनवाला कशाला, असे आपणांस वाटले असेल. पण स्टॉपवॉच आम्ही मैदानाआधी कारखान्यात ओळखले. १९११ साली अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातील ओतारी कामगारांनी संप केला, तो या घड्याळापायी. काम करताना कोणी शेजारी उभे राहून सेकंद मोजावेत, हे त्यांना सोसले नाही.

फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये खेळाडूंसाठी मनगटी यंत्र काढले. छातीवरचा पट्टा हृदयाची विद्युत्‌स्पंदने टिपतो आणि बिनतारी मार्गाने मनगटावर आकडा उमटतो. आताची बहुतेक घड्याळे कातडीत हिरवा प्रकाश सोडून ठोके मोजतात. पट्टा सैल असला की फसतात. तरी मला ते आवडले. इथे मोजणारा आणि मोजला जाणारा एकच!

मात्र कमाल ठोके पुष्कळदा ‘२२० वजा वय’ या हिशेबाने धरतात. माझे वय ५४, म्हणजे १६६. ही झाली सरासरी. माणसागणिक दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. तेव्हा सरावात सोबत्याशी बोलून पाहावे. अख्खे वाक्य निघाले तर वेग सौम्य, शब्दाशब्दाला धाप लागली तर जड, मग आकडा काही का असेना.

परवा एक धावपटू पोरगा विचारीत होता, “काका, कोच रात्रीच्या झोपेचेही आकडे मागतात. द्यावेत का?” मी म्हटले, “संघ निवडताना ते आकडे धरणार का, हे आधी विचार. आणि एकटा जाऊ नकोस, चौघे मिळून जा.”