चौसष्ट माणसांची कचेरी



आम्ही बँकवाले बोलायला उभे राहिलो की ठेवींच्या व्याजाची गोष्ट निघणार, अशी आपली समजूत असते. आज मात्र आम्ही आपल्याला अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या लव्हिंग काउंटीत नेणार आहोत. नावावरून गैरसमज नको. ऑलिव्हर लव्हिंग नावाचा गुरांचे कळप दूरवर नेऊन विकणारा एक व्यापारी होता, त्याचे हे आडनाव.

टेक्सासमध्ये अशा 254 काउंट्या. ही पार पश्चिमेकडची. उत्तरेला न्यू मेक्सिकोची हद्द, पश्चिमेला पेकोस नदी, मध्ये रखरखीत माळ. क्षेत्रफळ सुमारे 1,750 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याला थोडे कमी. आणि 2020 च्या जनगणनेत वस्ती 64! पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरपुढे याहून मोठी रांग असते.

पण कारभार पुरता. मेंटोन गावाला नगरपालिका नाही, तरी 1935 साली बांधलेली विटांची कोर्टकचेरी आहे. काउंटी जज आणि चार कमिशनर, सगळे निवडून आलेले, अंदाजपत्रक, रस्ते आणि कराचा दर ठरवतात. जज म्हटले तरी तो वकील असलाच पाहिजे असे नाही. इतक्या लहान काउंटीत शेरीफच मालमत्ता कराची वसुलीही पाहतो. पैसा येतो तो जमिनीखालच्या तेलातून.

आम्हा बँकवाल्यांना खरा रस वाटला तो जुन्या दप्तरात. 1890 च्या गणतीत इथे माणसे होती 3. तीनच वर्षांनी काउंटी स्थापण्याचा अर्ज गेला, त्यावर मतदार म्हणून नावे 150! मागे कालव्याची योजना काढणारी मंडळी होती. आमच्याकडे असा कागद आला असता तर सह्या जुळवता जुळवता आमचा साहेब घामाघूम झाला असता. तिथे मात्र काउंटी मंजूर झाली, 1897 साली मोडली आणि शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडली गेली. पुढे तेल सापडले आणि 1931 साली ती पुन्हा उभी राहिली. टेक्सासमध्ये दोनदा स्थापन झालेली काउंटी ही एकच.

भांडण मात्र अजून तेच आहे: इथला कोण? 2022 च्या निवडणुकीनंतर हरलेले उमेदवार न्यायालयात गेले. मतदारांपैकी काही जण इथे राहतच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. तिथला कायदा विचारतो की घर कुठे आहे आणि माणसाचा परत येण्याचा इरादा कुठला आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहूनही ‘मूळ गाव कुठले?’ हा प्रश्न ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली मेख लगेच कळावी. आम्ही वीजबिल मागतो. इरादा कोणत्या बिलावर छापतात?

चौसष्टांत दोन-चार मतांनी कारभार फिरतो आणि त्यामागे तेलाचा पैसा असतो, म्हणून एकेका नावाची अशी झाडाझडती चालते. आता कुणाला काही विचारायचे असेल तर अवश्य विचारा. तिथे प्लॉट मिळेल का, एवढे मात्र विचारू नका.