बांध घालण्याआधी

विंडोज दहाचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि बऱ्याच जुन्या संगणकांवर विंडोज अकरा बसत नाही. म्हणून आपल्या सातारा-सांगलीकडची पोरं विंडोजशेजारी उबुंटू टाकायला बघतात. टाका की! माझी तक्रार वेगळीच आहे. ‘बॅकअप घेतलास का?’ म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं : ‘हो सर, डी ड्राइव्हला टाकलंय.’

अरे बाबा, बहुतेक लॅपटॉपांत सी आणि डी हे एकाच गटातले दोन तुकडे. मध्ये बांध आहे, एवढंच. उबुंटू बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय दाबला गेला, तर रोटर बांधासकट अख्ख्या गटावरून फिरतो. सीमधला ऊस जातो, डीमधली हळदही जाते.

तेव्हा वाटणीआधी माल गटाबाहेर काढा. बाहेरची डिस्क घ्या, नाहीतर पेनड्राइव्ह. पण ज्या पेनड्राइव्हवर उबुंटू चढवणार, तो नव्हे. तो तयार करतानाच पुसला जातो. आणि नेलेल्या फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नुसतं ‘कॉपी झालं’ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

मग बांध. तो विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच सरकवा. उभं पीक कुठवर आहे, ते कसणाऱ्यालाच ठाऊक. सी श्रिंक करून निदान २५ जीबी, मी तर म्हणेन ५०, रान मोकळं सोडा आणि ‘विंडोजच्या शेजारी’ हाच पर्याय निवडा.

बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी वहीत उतरवा. विंडोज ती नंतर मागू शकतं. ती त्याच लॅपटॉपमध्ये जपून ठेवणारे महाभागही आहेत! फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि मग उबुंटूतून विंडोजच्या फायलींना हात लावला की त्या बिघडू शकतात.

बॅकअपची डिस्कही संगणकाच्या टेबलावर नको. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, हे सांगलीकरांना मी काय सांगायचं! डिस्क पाहुण्यांकडे ठेवा, माळ्यावर ठेवा.

पुन्हा सांगतो, डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. बाहेरची डिस्क हाताशी नसेल, तर उबुंटू पुढच्या रविवारी टाका.